पट्टीला हात लावायचा नाही

“आता ही पट्टी कोण ओढून दाखवतंय?” मी विचारलं. वर्गात चौदा पोरी होत्या, एकही पुढे येईना.

टेबलावर गायत्रीचा पाय होता. त्या पायाला टाचेपासून पोटरीपर्यंत सृष्टीनं पट्टी बांधली होती. शेवटी मीच ओढून पाहिली. एक पदर हलला नाही. बरं, आवळलेलीही नव्हती.

“कुठं शिकलीस गं?”

“घरीच, मॅडम. मेंढराचा पाय मोडला की आबा बांबूच्या कामट्या लावून बांधतेत. एकवीस दिस सोडायची न्हाय. मधी सोडली की मेंढरू लंगडं ऱ्हातं.”

पोरी हसल्या. मी हसले नाही, मी वर्गात हसत नाही. माझं नाव शुभांगी. अठ्ठावीस वर्षं नर्स म्हणून वॉर्डात काढली आणि आता धाराशिवला दवाखाना चालवणाऱ्या एका संस्थेत रुग्णसहायकाचा सहा महिन्यांचा कोर्स शिकवते. पोरी मला माघारी ‘बीपी मॅडम’ म्हणतात. मी वर्गात आले की त्यांचं वाढतं म्हणे. म्हणू देत बापड्या.

“बांधलीस छान. पण बांधून झाल्यावर पेशंटला काय सांगायचं?”

“पट्टीला हात लावायचा न्हाय.”

“न्हाय न्हाय. नाही.”

“लावायचा नाही. आणि भिजवायची नाही.”

“दरडावून सांगायचं. नाहीतर घरी गेला की सोडून शेजाऱ्याला दाखवत बसतो. मी सांगेपर्यंत सोडायची नाही, असं बजावायचं.”

तोवर मी एवढंच शिकवलं होतं. जखम रोज उघडून बघायची, वास येतो का बघायचं, पेशंटला साखर आहे का ते आधी विचारायचं, हे सगळं पुढच्या महिन्यात होतं. अभ्यासक्रम काही मी केलेला नाही. पण पुढचा धडा आधी सांगायला माझं तोंडही कुणी धरलं नव्हतं.

सृष्टी धनगराची. मेंढ्यांमागं फिरणाऱ्या त्या घरातली पहिली बारावी झालेली पोर. धाराशिवला मावशीकडे राहायची. आई सखूबाई आणि बाप बिराप्पा तेव्हा तेरजवळ, तेरणेच्या काठानं मेंढ्या बसवत होते. दर रविवारी सकाळची एसटी धरून ही त्यांच्याकडे जायची. जाताना पांढरा कोट पिशवीत न्यायची, कारण बापाला तो बघायचा असायचा. बिराप्पा ज्याच्या शेतात खतासाठी मेंढ्या बसवायचा त्याला सांगायचा, आमची पोर दवाखान्यात हाय, काय दुखलं-खुपलं तर रविवारी या.

वर्गातल्या त्या पट्टीनंतरच्या रविवारी ती गेली तेव्हा बापाच्या टाचेत बाभळीचा काटा मोडलेला होता. तिनं तो काढला. जखम धुतली, औषध लावलं, आणि अंगात कोट घालून वर्गात बांधली होती तशीच झकास पट्टी बांधली. मग दरडावून सांगितलं, “आबा, भिजवायची नाही. हात लावायचा नाही. मी पुढच्या रविवारी येऊन सोडते.”

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला माहीत आहे तो नंतरचा बुधवार. मी हजेरी मांडत होते आणि ही समोर येऊन उभी राहिली.

“मॅडम, जखम झाल्याली असंल आणि पेशंटला कायबी दुखत नसंल, तर चांगलंच ना?”

“दुखत नाही तर तू कशाला रडतेस? जा, चादरी बदल.”

झालं. एवढंच बोलले मी. कुणाची जखम, किती दिवसांची, माणूस केवढा, यातलं काही म्हणजे काही विचारलं नाही. अठ्ठावीस वर्षांत न दुखणाऱ्या जखमा मी काय थोड्या पाहिल्यात?

शुक्रवारी सांगितलं की रविवारी आरोग्य शिबिर आहे, सगळ्यांनी यायचं. सृष्टी उभी राहिली.

“मॅडम, मला रविवारी घरी जायाचं होतं.”

“का गं, बघायला येणारेत का?”

“न्हाय, मॅडम. माझा पेशंट हाय.”

सगळा वर्ग खो-खो हसला. मीही तोंड सोडलं. म्हटलं, “माझा पेशंट! चार महिने झाले नाहीत अजून. आधी शंभर लोकांची बोटं टोचायला शीक, मग ठेव स्वतःचे पेशंट.” ती खाली बसली. मला वाटलं, चला, सरळ झाली.

शिबिरात तिनं दिवसभर लोकांची बोटं टोचली. एकाचंही बोट दुसऱ्यांदा टोचावं लागलं नाही. ज्याची साखर जास्त निघेल त्याला म्हणायची, “काका, पायाला जपा हं.” साखरेनं पाय बधिर होतो, जखम झाली तरी दुखत नाही, असं सांगून हे वाक्य मीच त्या दिवशी सकाळी सगळ्यांना पाठ करून दिलं होतं. दुपारी जेवायच्या सुट्टीत ती कोपऱ्यात जाऊन फोनवर बोलत होती. काय बोलली ते सखूबाईनं नंतर सांगितलं.

“आबा, पायाला मुंग्या येतेत का? बधिर वाटतंय का?”

“पोरी, ते तर दोन वर्सं झालं. चालून चालून वाटतंय तसं.”

“पट्टी सोडून बघा बरं जरा.”

“तू येऊन सोड. सात दिस ठिवली, आजून सात ठिवीन. एकवीस तर न्हाय झालं.”

ती सोडा म्हणत राहिली आणि तो हसत राहिला. पोरीच्या कामात आपण अडाण्यानं हात घालायचा नाही, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. तो फोन झाल्यावर ती माझ्याकडे बघत होती, हे मला आता आठवतं. तेव्हा मी रांग लावण्यात गुंतले होते. संध्याकाळी शिबिर आवरलं तेव्हा तेरची शेवटची एसटी निघून गेली होती. सोमवारी सकाळी उजाडल्याबरोबर ती मला न विचारताच गेली.

दुपारी ती आईसोबत बापाला टमटममधून घेऊन आली तेव्हा मी ड्रेसिंग रूममध्येच होते. बिराप्पा उंच माणूस, पांढरा पटका, कानात बाळी. खाटेवर बसून त्यानं पाय पुढे केला. पायाला युरियाच्या गोणीतलं प्लास्टिक गुंडाळलेलं होतं, वरून सुतळी. भिजवायची नाही म्हणून. नदीतून मेंढ्या घालताना, दहिवरात निजताना, आठ दिवस ते त्यानं काढलं नव्हतं. आत वाफ धरून राहिलेली.

“वास यायला लागला तवा म्या म्हनलं सोडा,” सखूबाई म्हणाली. “तर मलाच म्हनले, तू शिकलीस का ती शिकली?”

मी सुतळी कापली. आतली पट्टी जशीच्या तशी होती, एक पदर हललेला नव्हता. ती सोडली. टाच काळी पडली होती आणि काळं घोट्याच्या वर चढलं होतं. सृष्टीनं बापाचं बोट टोचलं. यंत्रात आकडाच येईना, साखर त्याच्या मापाबाहेर होती. तिनं दुसरं बोट टोचलं. मग तिसरं.

“पुरे,” मी म्हटलं.

“काटा तर तिनं काढला न्हवं, बाई?” बिराप्पा मला विचारत होता. “मुळापासनं काढला. बघा, दुखत बी न्हाय.”

डॉक्टरांनी पाहिलं आणि तडक सोलापूरला धाडलं. बुधवारी गुडघ्याखालून पाय काढला. मेंढक्याचं सगळं असतं ते दोन पायांवर. मेंढ्या भावाच्या कळपात घातल्या.

सृष्टी वर्गात आली नाही. मी तिच्या नावापुढे गैरहजेरी मांडत राहिले आणि रोज स्वतःचा राग येत राहिला. शिकवायची राहून गेलेली पानं मी दुसऱ्याच दिवशी बाकीच्या तेरा जणींना शिकवली. त्याचा बिराप्पाला काय उपयोग?

महिन्याभरानं बिराप्पा आला. मावशीच्या घरून, कुबड्यांवर, सखूबाईला घेऊन, रोजच्या ड्रेसिंगसाठी. मी ट्रे घेतला, तर त्यानं पाय मागे ओढला.

“तुमी नगं, बाई. पट्टी आमची पोर बांधती.”

पोर बाहेर बाकावर बसलेली होती. मी जाऊन तिच्याशेजारी बसले.

“आत ये.”

“मी न्हाय, मॅडम. माझा हात नगं आता त्यांना.”

तिचं ‘न्हाय’ मी या वेळी सुधारलं नाही. म्हटलं, “चूक माझी आहे. बुधवारी तू विचारलंस, मी ऐकून घेतलं नाही. रविवारी अडवलं तेही मीच.”

“पट्टी तर म्या बांधली, मॅडम,” ती म्हणाली. “आणि सोडू नका बी मीच म्हनले.”

आतून बिराप्पाचा आवाज आला, “ए पोरी, आटप की. बाईस्नी कामं असत्यात.”

ती उठली. हात धुतले, पुन्हा धुतले. बापापुढे खाली बसून तिनं कापून उरलेल्या पायाची पट्टी सोडली, जखम धुतली, हुंगून पाहिली. पहिला पदर तिला दोनदा घ्यावा लागला. बिराप्पा सगळ्या खोलीकडे असा बघत होता की बघा म्हणावं, कशी बांधती. पट्टी झाली तशी ती ट्रे आवरायला लागली. मग त्यानंच विचारलं.

“आता कवा सोडायची?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवली.

“उद्या,” ती म्हणाली. “रोज सोडायची, आबा.”

“उद्याच?” त्यानं जरा विचार केला. “मग कशाला घरी जायाचं? म्या हितंच बसतो.”

तो कुबड्या टेकत बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. सखूबाईनं त्याच्या पायातली एकुलती वहाण काढून बाकाखाली सरकवली.