सातव्या नंबरचा चाकू

चाकू जमवण्याचा नाद माणसाला का लागावा, हे मला आजवर कुणाला पटवून सांगता आलेलं नाही. पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्याला लोक हौशी म्हणतात, जुनी नाणी जमवणाऱ्याला विद्वान म्हणतात, आणि माझ्या पेटीतले एकोणीस घडीचे चाकू बघितले की विचारतात, "कुणाचा मुडदा पाडायचाय?" अशा माणसांना पेटी दाखवणं मी केव्हाच सोडून दिलं. पातं मिटताना वाजणारा खटका ऐकून ज्याला बरं वाटत नाही, त्याच्याशी बोलायचं तरी काय? ज्याला खरोखर बरं वाटायचं असा माणूस मला उभ्या जन्मात एकच भेटला. राजिवड्याचा जैनुद्दीन. त्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण पेटी उघडली की अजून त्याच्याशी भांडावंसं वाटतं.

मी आंब्याची कलमं बांधणारा. रत्नागिरीच्या आसपास माझ्या हातचे हापूस किती उभे आहेत, ते मी मोजलेलं नाही, पण पावसच्या वाटेला लागलात तर उजव्या अंगाला दिसतील ते बहुतेक माझे. कलमाचं सगळं कामच मुळी चाकूचं. रोपाच्या अंगावर एक काप, झाडाच्या फांदीवर एक काप, दोन्ही काप एकमेकांना भिडवायचे आणि वरून केळीच्या खोडाचं सोपट घट्ट आवळायचं. काप एका ओढीत आणि सपाट झाला पाहिजे. भिडवल्यावर दोघांच्या मधून उजेड दिसला तर कलम गेलं म्हणून समजावं. पोटासाठी एक चाकू पुरतो, हे मलाही कळतं. बाकीचे अठरा हौसेचे.

१९२४ सालच्या मे महिन्यात मी रत्नागिरीच्या मांडवी धक्क्यावर मुंबईला जायच्या कलमांचे हारे, म्हणजे मोठ्या टोपल्या, बांधत बसलो होतो. ऐन वेळी माझ्या चाकूची पाठीतली पट्टी मोडली आणि पातं लुळं पडलं. मी चाकूच्या सगळ्या खानदानाचा उद्धार करत होतो, तेवढ्यात आगबोटीवरची माणसं धक्क्याला आणणाऱ्या पडावातून उतरलेला एक उंच, काळासावळा खलाशी माझ्यापाशी थांबला. त्याने खिशातून आपला चाकू काढला आणि माझ्यासमोरच्या दगडावर ठेवला. हातात दिला नाही. चाकू एकाने दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही, दोघांत भांडण लागतं, हे मला माझ्या आईने शिकवलं होतं आणि त्याला त्याच्या आईने. आमच्या वाडीत तेच आणि त्यांच्या मोहल्ल्यातही तेच.

मी दगडावरून चाकू उचलला, दोरी कापली, आणि परत ठेवायचं सोडून तो तीनदा उघडला, तीनदा मिटला.

"कान लावून काय ऐकतंस?" त्याने विचारलं.

"खटका," मी म्हटलं. "उघडताना बरा हाय. मिटताना खोकतो."

तो हसला नाही, रागावला नाही. सामान खाली ठेवून माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "मना पण तसाच वाटायचा. पण बोटीवर इचारू कुणाला?"

झालं. दोन येडे एका धक्क्यावर बसले, आणि त्याची बहीण घरी जेवण वाढून वाट बघत राहिली.

जैनुद्दीन आगबोटीवर होता, त्यामुळे दीड-दोन वर्षांनी महिना-दोन महिने घरी यायचा. आला की दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या बागेत हजर. कमरेला चाकूंची पुरचुंडी. आंब्याखालच्या काळ्या कातळावर तो एकेक चाकू ठेवायचा. मी उचलायचो, बघायचो, परत ठेवायचो. मग मी माझे ठेवायचो आणि तो उचलायचा. सांबरशिंगाच्या मुठीचा, शिंपल्याच्या मुठीचा, माशाच्या आकाराचा पितळी, दोन पात्यांचा, दोरीची गाठ सोडवायला टोच्या असलेला. जगातल्या कुठल्या कुठल्या बंदरांतले चाकू माझ्या कातळावर उन्हात पडलेले असायचे, आणि आम्ही दोघे उकिडवे बसून त्यांना नंबर द्यायचो.

परीक्षा तीन. पहिली खटक्याची. दुसरी कापाची, ती माझी. आंब्याची काडी घेऊन दोन काप घ्यायचे, भिडवायचे आणि उजेडासमोर धरायचे. तिसरी चिकाची. कैरी चिरून पातं तसंच ठेवायचं आणि पान खाऊन होईतो किती काळं पडतं ते बघायचं. मग नंबर. नवा चाकू तिसरा ठरला की जुना तिसरा चौथ्यावर ढकलला जायचा. नंबर पेटीच्या झाकणावर आतून पेन्सिलीने लिहिलेले असत. एकदा त्याच्या बापाचा चाकू आम्ही अकरावा ठरवला, तेव्हा जैनुद्दीन म्हणाला, "बापूस असता तर दोघांना बी बुकलला असता." भांडणं तर अशी व्हायची की बांधावरून जाणारी माणसं थांबून बघायची. एका शिंपल्याच्या मुठीवरून आम्ही दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तो आला आणि काहीच झालं नाही अशा थाटात कैरी चिरायला बसला. एवढं सुख मला परत लाभलं नाही, हे मी सरळ सांगतो.

१९३१ साली तो आला तो दोन वर्षांनी. त्या सकाळी त्याने तीन चाकू कातळावर ठेवले. त्यांची परीक्षा झाली, नंबर लागले. मग त्याने सदऱ्याच्या आतल्या खिशातून चौथा काढला, उगाच एकदा लुंगीला पुसला आणि माझ्यासमोर ठेवला. बोलला काहीच नाही. नुसता माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

काळसर लाकडी मुठीचा तो एक पात्याचा चाकू होता. पातं टोकाला आत वळलेलं, कोयतीसारखं. मी खटका ऐकला, छान होता. काडीचे दोन काप घेतले, भिडवले, उजेडासमोर धरले. मधून लख्ख उजेड. मला तेव्हा आपल्या कसबाचा भारी गर्व. मी ते काप त्याच्या नाकासमोर धरले आणि म्हटलं, "बग. वाकड्या पात्याचा काप खोलगट येतो. कुणी तरी तुना कलमाचा म्हणून गळ्यात बांधलानी काय? फांद्या तोडायचा हाय ह्यो. सातवा नंबर. तो पण खटका बरा हाय म्हणून."

आणि चाकू परत कातळावर ठेवला.

जैनुद्दीनने तो उचलला, मिटला आणि खिशात टाकला. कैरीची परीक्षा राहिली आहे, असं मी म्हणत होतो, पण तो म्हणाला, "ऊन झाला," आणि उठला. त्या मुक्कामात तो परत बागेत आला नाही. मी समजलो, तब्येत बिघडली असेल.

१९३३ साली तो घरी येऊन गेल्याचं मला बाजारात कळलं. माझ्याकडे फिरकलादेखील नाही. मग माझंही डोकं फिरलं. सारंग झालाय आता, हाताखाली माणसं आहेत, कातळावर उकिडवं बसायला लाज वाटत असेल. नाही आला तर नाही. मी काय त्याच्या दारात जाऊन बसणार होतो? त्या वर्षी एका वाण्याकडून मला एक सुरेख जपानी चाकू मिळाला. मी एकट्याने तिन्ही परीक्षा घेतल्या आणि चौथा नंबर दिला. "चौथा?" असं कुणी ओरडलं नाही. एकट्याने पत्ते खेळावेत तसं ते झालं. मी झाकणावर नंबर लिहिला आणि पेटी माळ्यावर टाकली ती दोन वर्षं खाली काढली नाही.

१९३५ च्या मे महिन्यात, पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटीला एक दिवस उरला असताना, त्याची बहीण कनीज बागेत आली. नवरा वारल्यापासून ती भावाचं घर सांभाळायची, आणि भावालाही तीच दटावायची. भाई उद्या बोटीने जाणार, त्याच्याबरोबर द्यायला दोन शेकडा आंबे हवेत, म्हणाली. भाई घरी आहे हेच मला ठाऊक नव्हतं. मी आंबे निवडायला लागलो.

"भागोजीदादा," ती म्हणाली, "भाईनं दिलेला चाकू बरा चालतो ना?"

"कुठला चाकू?"

"कुठला म्हणजे? कलमाचा. काळ्या मुठीचा. चार वर्सांमागं आणलान तो."

माझ्या हातातला आंबा हातातच राहिला. कनीज आपल्या नादात सांगत होती. कुठल्याशा फिरंगी बंदरात भाई दिवसभर तो चाकू शोधत हिंडला. भाषा येत नव्हती. मग त्याने रस्त्यावरच्या दोन काड्या उचलल्या, एकीला दुसरी दोऱ्याने बांधली आणि दुकानादुकानांत दाखवत सुटला. लोक हसले. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदाराने हा काढून दिला. घरी आल्यावर तिने लिंबू चिरायला म्हणून उचलला तर भाई केवढ्याने ओरडला. "ठेव खाली! भागोजीचा हाय तो!"

"मी म्हटलं, बोटीवरचा माणूस, त्याला कलमाचं काय कळतं?" ती म्हणाली. "पण चालला ना?"

मी तिला आंबे मोजून दिले. जैनुद्दीनने चाकू दगडावर ठेवला, कारण चाकू हातात देत नाहीत. परीक्षेचा चाकूही आम्ही दगडावरच ठेवत असू. मग मला कळावं कसं? असं मी स्वतःला रात्रभर बजावत होतो, आणि रात्रभर मला त्याचं ते माझ्या तोंडाकडे बघणं आठवत होतं. न कळायला मी काही आंधळा नव्हतो. मी चाकूकडे बघत होतो, माणसाकडे बघितलंच नाही. ही बोट चुकली तर पुढची भेट दोन वर्षांनी, तीही झाली तर. समुद्रावरच्या माणसाचं कुणी सांगावं?

सकाळी उजाडताच मी मांडवी गाठली. आगबोट खाडीबाहेर उभी होती आणि धक्क्यावर माणसं, करंड्या, ट्रंका यांची ही झुंबड. जैनुद्दीन पडावाची वाट बघत उभा होता. केस कानशिलावर पिकले होते. मी समोर जाऊन उभा राहिलो. चार वर्षांत मनात साठलेलं सगळं बोलायचं ठरवून आलो होतो, आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

"माजा चाकू दे."

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुजा कुठला?"

"काळ्या मुठीचा. माजा हाय तो. चार वर्सां तुज्याकडं ठेवलास, आता दे."

"तुना नको व्हता ना?" त्याचा आवाज चढला. "नको तर नको म्हणायचा. दोन काड्या कापून, उजेडात धरून, माज्या नाकासमोर नाचवून, सातवा म्हणून परत काय ठेवलंस?"

"तू बोललास काय, माज्यासाठी आणलाय म्हणून? दगडावर ठेवलास, मी नंबर दिला!"

"दगडावर नाय तर काय हातात देऊ? भांडण लागायला?"

हे तो एवढ्या मोठ्याने ओरडला की धक्क्यावरची निम्मी माणसं आमच्याकडे वळून बघायला लागली. मग त्याच्या मिशीचं टोक हललं. मला हसू फुटलं आणि त्याच्याबरोबर डोळ्यांना पाणी आलं, ते मी लपवलं नाही. चार वर्षं! चांगली, धडधाकट चार वर्षं आम्ही दोघांनी मिळून समुद्रात टाकली होती.

त्याने खिशातून चाकू काढला. पातं झिजून अर्ध्यावर आलं होतं, मूठ हाताच्या घामाने गुळगुळीत झाली होती. चार वर्षं त्याने रोज तो वापरला होता. त्याने तो धक्क्याच्या दगडावर ठेवला.

"जैनू," मी म्हटलं, "चुकला माजा. पयला नंबर ह्याचा. आज घरी जाऊन झाकणावर लिवतो."

वाटलं, तो खूश होईल. त्याचा चेहरा एकदम कडक झाला. त्याने चाकूवर पंजा ठेवला.

"खोटा बोललंस तर परत घेऊन जाईन," तो म्हणाला. "तवाच दुसऱ्या दिवशी मी सोता काड्या कापून बगितल्या. उजेड दिसतो. सातवा तो सातवा. पण तुजा हाय."

पडाव धक्क्याला लागला होता आणि पडावाचा तांडेल त्याच्या नावाने हाका मारत होता. जैनुद्दीनने पंजा उचलला, आंब्यांची करंडी खांद्यावर घेतली आणि मागे न बघता पडावात उतरला. मी खाली वाकलो आणि माझा चाकू उचलला.