हिरवी रेघ

वर्षाराणीने ओढणीच्या टोकाने गाडीच्या दाराशेजारच्या खांबावरची धूळ पुसली आणि तिथल्या छोट्या पट्टीवरचा नंबर वाचला. पहिलं अक्षर जे. तिने वर पाहिलं आणि सकाळपासून पहिल्यांदाच तिचा चेहरा जरा सैल झाला.

"जपान," ती नवऱ्याला म्हणाली. "खरंच तिकडून जुळून आलेली आहे."

"मैं झूठ बोलता क्या, म्याडम?" राधेश्यामसेठ खुर्चीतून न उठता म्हणाले. जालन्यात अंबड रोडला जुन्या गाड्यांचं त्यांचं आवार होतं, वर पत्रे, खाली खडी. "पूरी की पूरी जहाजातून आलेली. शेजारची पण तीच गाडी, तेच मॉडेल, पण नंतरची. कंपनीनं नंतर इकडंच जुळवायला चालू केलं ना. दोन्ही बगा, आरामात बगा. फक्त संध्याकाळपर्यंत सांगा. जाफराबादची पार्टी येऊन गेलीय."

दोन्ही गाड्या पांढऱ्या, बहिणी-बहिणींसारख्या शेजारी उभ्या. आदिनाथ छकुलीला कडेवर घेऊन दोघींच्या मधोमध थांबला होता. त्याला फरक दिसत नव्हता, आणि तसं म्हणायची हिंमतही नव्हती.

पंधरा जूनपासून वर्षाराणी अंबडच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला जाणार होती. आदिनाथची शाळाही अंबडलाच. छकुली दिवसभर तिथेच, वर्षाराणीच्या बहिणीकडे, प्रभावतीताईकडे राहणार होती. म्हणजे तिघांनी रोज कुंभार पिंपळगावहून निघायचं आणि संध्याकाळी परत. एसटीचा भरवसा नव्हता, आणि मोटरसायकलवर वर्षाराणी बसत नव्हती. सातव्या महिन्यात होती तेव्हा घनसावंगीच्या अलीकडे रस्त्यावर पसरलेल्या बारीक खडीवरून गाडी घसरली होती. कोपर सोलवटलं, एवढंच. डॉक्टर म्हणाले, बाळ ठीक आहे. पण त्या दिवसापासून ती गॅसची नळी, खिडकीची कडी, मोबाईलचा चार्जर, सगळं दोनदा बघते. गाडी मनासारखी मिळाली नाही तर नोकरीला नकार कळवायचा, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. पत्र मात्र लिहून ठेवलं होतं.

आठवडाभर मोबाईलवर शोधून तिने वही भरली होती. कुणी लिहिलं होतं, कंपनी एकच, यंत्रं एकच, फरक काही नाही. कुणी लिहिलं होतं, तिकडच्या गाडीचं दार बंद होतं तेव्हा आवाजच वेगळा येतो. वाचावं तितकं कमी कळत होतं. शेवटी तिने एक गोष्ट पक्की केली होती, आणि तिचं कारण वहीत नव्हतं. ते कारण आता फाटकातून आत येत होतं, एका हातात कागदात गुंडाळलेली कचोरी घेऊन.

बिभीषण तिचा धाकटा दीर. शेंद्र्याला याच कंपनीच्या गाड्या जुळवायच्या कारखान्यात चार वर्षांपासून कामाला होता. आठवड्याच्या सुट्टीला गावी आला की अंगणातला नळ कधी नीट बंद करायचा नाही. चपला एक इथे, एक तिथे. टॉवेल दोरीवरून पडला तर पडलेलाच. छकुलीच्या बारशाला पाळणा टांगायचा होता आणि स्लॅबला कडी नव्हती, तेव्हा त्याने लोखंडी पट्टी आणून बीमला चार बोल्टांनी बसवली, आणि नुकत्याच रंगवलेल्या बीमवर हिरव्या पेनाचे ओरखडे उमटवून ठेवले. त्या दिवसापासून पाळण्यात छकुलीला ठेवण्याआधी ती साखळी दोनदा जोरात ओढून बघायची, आणि पाळण्याखाली गोधडीची चौपदरी घडी कायम असायची.

"घे गं छकुले, कचोरी खाती का?" बिभीषणने कागद पुढे केला.

"भाऊजी, तिखट असतं त्यात."

"चेष्टा करून राह्यलो, वहिनी." त्याने कचोरी स्वतःच्या तोंडात टाकली आणि हात पँटला पुसले. "मंग, कुठली ठरली?"

"ती," वर्षाराणीने जपानच्या गाडीकडे बोट केलं. मग थोडं थांबून म्हणाली, "राग मानू नका. पण इथं जुळलेली मला नको."

"म्हंजे मी जुळवलेली नको."

आदिनाथ एकदम छकुलीच्या टोपीची नाडी बांधायला लागला. राधेश्यामसेठ हसले, मग हसू आवरून मोबाईल बघू लागले.

"तुमची असं नाही," ती म्हणाली.

"असंच हाय की." बिभीषण हसत होता, पण कान लाल झाले होते. "ज्याला घरचा नळ बंद करता येत न्हाई, त्यानं आवळलेल्या सीटवर लेकरू कसं बसवावं. बराबर हाय तुमचं. बघू तर द्या पण. एवढ्या उन्हात आल्तो."

तो जपानच्या गाडीच्या मागच्या सीटवर चढला. आणि वर्षाराणीला एक गोष्ट जाणवली. चढण्याआधी त्याने चपला काढल्या होत्या. दोन्ही शेजारी शेजारी, सरळ.

त्याने बोटाच्या पेराने दाराच्या फटी चाचपल्या, वरपासून खालपर्यंत, आईने लेकराच्या अंगाला तेल लावावं तसं सावकाश. मग उजव्या बाजूला, सीटचा पट्टा जिथे खाली पत्र्याला जोडलेला असतो तिथलं प्लास्टिकचं झाकण त्याने किल्लीने अलगद उचललं.

"वहिनी, ह्ये बघा."

ती वाकली. आत बोल्ट होता. बोल्टच्या डोक्यावरून निघून शेजारच्या पत्र्यावर गेलेली एक बारीक पिवळी रेघ होती. सरळ, अखंड.

"हे काय?"

"सही." त्याने रेघेवर नख ठेवलं. "बोल्ट आवळायचा. पान्ह्याचा कट्ट आवाज येईस्तोवर सोडायचा न्हाई. आवाज आला की पेनानं रेघ मारायची, अर्धी बोल्टवर, अर्धी पत्र्यावर. नंतर बोल्ट जरा जरी फिरला तर रेघ तुटती. जपानचा माणूसबी ह्येच करतो. त्याचं पेन पिवळं, आमचं हिरवं. दुसरं काय न्हाई."

"आणि एखादा मारायचाच विसरला तर?"

"मी विसरल्तो एकदा." त्याने झाकण परत बसवलं, दाबून बघितलं. "गाडी पुढं सरकली आन् माझ्या ध्यानात आलं, रेघ मारली का न्हाई? दोरी ओढली. आख्खी लाईन थांबली. साहेब पळत आला, लय बोलला. बघितलं तर बोल्ट आवळलेलाच होता."

"मग कशाला थांबवायची?"

"रेघ न्हवती ना."

एवढंच म्हणून तो डाव्या बाजूला सरकला. तिकडचं झाकण काढलं आणि आत वाकून बघितलं. मग बाजूला होऊन त्याने तिला जागा करून दिली.

या बोल्टवरही पिवळी रेघ होती. पण बोल्टवरची एकीकडे आणि पत्र्यावरची दुसरीकडे. मधे बोटभर अंतर.

"कुणीतरी खोलून परत लावलाय," बिभीषण म्हणाला. "किती आवळला, त्ये त्यालाच ठाऊक."

वर्षाराणी सरळ उभी राहिली. "सेठ, ही गाडी ठोकलेली आहे का?"

राधेश्यामसेठने मोबाईल खिशात टाकला. "थोडी पीछे से. छोटासा काम होता म्याडम, गॅरेजवाल्यानं एकदम बराबर करून दिलं. आम्हाला पण जिसने दी उसने जितना बताया तेवढंच माहीत."

"म्हणजे शेवटी इथलंच काम," ती हळूच म्हणाली. तिला वाटलं होतं आपलं म्हणणं खरं ठरल्यावर बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

"इथलंच," बिभीषण म्हणाला. "रेघ न मारणाऱ्याचं."

दुसऱ्या गाडीत तो स्वतः चढला नाही. किल्ली तिच्या हातात दिली. तिने एकेक झाकण उघडलं, तो बाहेरून नुसता सांगत राहिला, जल्दी करू नका, खालून उचला. मागचे सगळे पट्टे, मग पुढचे. प्रत्येक बोल्टवर हिरवी रेघ होती. एक जरा जाडसर, एक किंचित तिरपी, जशी घाईत केलेली सही असते. पण तुटलेली एकही नव्हती.

"ही तुम्ही जुळवलेली?" आदिनाथने विचारलं.

"न्हाई रे दादा. मी कामाला लागायच्या आधीची हाय." त्याने चपला घातल्या. "कोण होता काय माहीत. असंल कुणी पैठणचा न्हाईतर बदनापूरचा."

राधेश्यामसेठने चहा मागवला. वर्षाराणीने घरी जाऊन कळवते म्हणून सांगितलं. एसटीत तिने छकुलीला मांडीवर घेतलं आणि नेहमीसारखा एक हात समोरच्या सीटच्या दांड्यावर आडवा धरून बसली. पुढच्या सीटवर बिभीषण खिडकीला डोकं टेकवून झोपला होता. अंबड गेलं, घनसावंगी गेली, तरी त्याला जाग आली नाही. उतरताना पिशवी तो बसमध्येच विसरला. आदिनाथने हाक मारून कंडक्टरकडून घेतली.

"भाऊजी," घरी पोचल्यावर तिने विचारलं, "कामावर इतकं ध्यान असतं, मग इथं असं का?"

"सगळं ध्यान तिथंच संपतंय, वहिनी," तो म्हणाला. "आठ तास रेघाच रेघा. घरी तरी जरा बेरेघी जगू द्या."

ओट्यावर बसलेल्या सासूबाई, सुगंधाबाई, म्हणाल्या, "चार वर्षं झाली शिकून, आन् माझ्या नळाला कधी मारशील रं तुझी रेघ?"

बिभीषणने हसत नळाखाली तोंड धुतलं, नळ तसाच ठिबकत ठेवला आणि चहा प्यायला आत गेला. वर्षाराणीने नळ घट्ट बंद केला.

छकुली पेंगुळली होती. आतल्या खोलीत ऊन पश्चिमेच्या खिडकीतून तिरपं आलं होतं, बीमपर्यंत. वर्षाराणीने एका हाताने लेकीला खांद्यावर सांभाळलं, दुसरा हात सवयीने साखळीकडे नेला, आणि पहिल्यांदाच ओढायच्या आधी वर बघितलं.

लोखंडी पट्टीचे चार बोल्ट. चारही बोल्टांच्या डोक्यांवरून निघून पट्टीवर गेलेल्या, पट्टीवरून रंगवलेल्या बीमवर उतरलेल्या चार हिरव्या रेघा. आठ महिन्यांची धूळ बसली होती त्यांच्यावर. आठ महिने ती रोज दोनदा त्या साखळीला हिसका देत आली होती.

ती स्टूल ओढून त्यावर चढली, एका हाताने भिंत धरून, खांद्यावर छकुली. जवळून बघितलं. एक, दोन, तीन, चार. कुठलीच तुटलेली नव्हती.

बाहेर नळ पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला, कुणीतरी कप विसळत होतं.

ती खाली उतरली. छकुलीला पाळण्यात ठेवलं. पायाने खालची गोधडी हळूच बाहेर सरकवली, उचलली, झटकली आणि घडी घालून खाटेवर ठेवली. रोज संध्याकाळी टेबलाचा खण उघडून ती ते नकाराचं पत्र एकदा बघायची. आज खण बंदच राहिला.

"अहो," तिने दारातून आवाज दिला. "राधेश्यामसेठना फोन लावा. इथलीच घेतो म्हणावं."

"इथलीच?" आदिनाथ बाहेरून म्हणाला. "परत एकदा बघायची असंल तर सेठला थांबायला सांगून उद्या जाऊ की."

तिचा हात पुन्हा साखळीकडे गेला होता. तो तिथेच क्षणभर थांबला. मग त्याच हाताने तिने पाळण्याला झोका दिला.

"नको," ती म्हणाली. "बघून झालंय."