पडद्याआडचा परीक्षक

"स्टॅन्ली, तुझा ढोल पुढं पळतो," असं विनिफ्रेड नवऱ्याला गेली बावीस वर्षं सांगत होती. आणि तोही गेली बावीस वर्षं म्हणत होता, "ढोल बरोबर आहे. तुम्ही कॉर्नेटवालेच मागं रेंगाळता!"

गावच्या बँडमध्ये तो ढोल वाजवायचा आणि ती कॉर्नेट हे तुतारीसारखं पितळी वाद्य. बँडमधले सगळे हौशीच, कुणी पोस्टमन तर कुणी खाटीक. पण व्हिट या ख्रिस्ती सणानंतरच्या शुक्रवारी इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या त्या डोंगरांत गावोगाव स्पर्धा असायच्या आणि मग सगळे जीव तोडून वाजवायचे. कुठला बँड वाजवतोय ते दिसू नये म्हणून परीक्षक कॅरॅव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या छोट्या घरात, पडदे ओढून बसायचा आणि नुसतं ऐकून निकाल द्यायचा.

यंदा हॉलिनक्लफ गावच्या स्पर्धेला पोचायला त्यांना उशीर झाला. रस्त्याकडेला पडदे ओढलेली कॅरॅव्हॅन दिसताच सगळे धापा टाकत तिच्यासमोर उभे राहिले आणि असं काही वाजवलं, की कुंपणापलीकडच्या मेंढ्या चरायच्या थांबल्या.

शेवटचा सूर विरला आणि पडदा सरकला. केसांना कर्लर लावलेली एक म्हातारी बाहेर डोकावली.

"झकास वाजवलंत! पण आम्ही सुट्टीला आलोय हो. परीक्षक तिकडं, चर्चमागं."

सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. खिडकी लावता लावता म्हातारीनं पुन्हा डोकं बाहेर काढलं.

"आणि तो ढोल जरा आवरा. फार पुढं पळतोय."

स्टॅन्लीचे कान लाल झाले. "चला, चला, चर्चमागं जायचंय!"

"घाई कसली?" विनिफ्रेड निवांतपणे कॉर्नेट पुसत म्हणाली. "मी तर जिंकले."