मोडक्या कोपऱ्याचं बक्कल

ग्राफिक डिझाइनच्या मॅडमनी असाइनमेंट सोपी दिली होती : एकच आकार घ्या, कागदभर उठवा, पुनरावृत्ती म्हणजे काय ते दाखवा. बाकीच्यांनी पानं घेतली, बाटल्यांची झाकणं घेतली. लेकीने बापाच्या पट्ट्याचं बक्कल घेतलं.

बाप बसमधला तिकीट तपासनीस. दिवसभर परक्यांशी गोड बोलून दमायचा बिचारा, मग घरी येऊन पट्टा काढायचा. चौकोनी पितळी बक्कल, एक कोपरा मोडलेला. तो कोपरा आईच्या अंगावर कुठे कुठे उमटलाय हे लेकीला पाठ होतं. प्रवेशाच्या दिवशी मॅडमनी आईचा सुजलेला ओठ पाहून विचारलंही होतं. "जिन्यावरून पडले," आई म्हणाली. घर तळमजल्यावर होतं. आईने एकदा, कुणासमोर तरी, खरं बोलावं, एवढंच लेकीला हवं होतं.

सकाळी बाप अंघोळीला गेला तशी तिने बक्कलाला निळी शाई लावली आणि चाळीस ठसे उठवले. घाईघाईत पुसून पट्टा जागेवर अडकवला, पण खाचांत शाई राहिलीच. ती नेमकी बापाच्या पांढऱ्या सदऱ्याला लागली.

"हा डाग कसला गं? कपडे धुतेस की झोपा काढतेस?" तो आईवर ओरडला.

"बाबा, मी केलं ते! मी—"

त्याने तिला ढकललं, ती कपाटावर आदळली. पट्टा आईच्या दंडावर बसला. मग पाठीवर. मग पुन्हा दंडावर, तिथेच, कातडं फुटेपर्यंत. आईने तोंडातून ब्र काढला नाही, आणि त्यानेच तो जास्त पेटला. दम लागला तेव्हा थांबला, सदरा बदलून कामावर गेला.

लेकीला स्वतःची किळस आली. ती कागद फाडायला निघाली, तर आईने तो हातातून काढून घेतला. एका ठशाच्या मोडक्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

"कधी द्यायचाय?"

"आजच."

"मी येते."

वर्गात कागद भिंतीवर लागला. मॅडम म्हणाल्या, "अंतर अगदी सारखं राखलंयस. पण नजर कुठेच थांबत नाही. एक तरी ठसा वेगळा हवा होता."

आई मागून पुढे आली, बाही वर केली आणि दंड कागदाला टेकवला. दंडावरही तोच ठसा : निळी कड, मधे रक्त, मोडका कोपरा.

"आमच्या घराला जिना नाहीये, मॅडम," आई म्हणाली.