इस्त्रीवाल्यासमोरचं झाकण

ते झाकण तुम्ही गाडलंत.

तुम्ही म्हणजे कोण, हे वेगळं सांगायची गरज नाही. रस्ता करायचा हुकूम काढलात ते तुम्ही, रोलर फिरत असताना सावलीत उभं राहून "चालू द्या" म्हणालात ते तुम्ही, आणि नंतर वरच्या गल्लीत पाणी चढत नाही म्हणून चढालाच दोष दिलात तेही तुम्हीच. लोखंडी झाकण होतं, परातीएवढं. त्याखाली विटांचा चौकोनी खड्डा, खड्ड्यात व्हॉल्व्ह, आणि त्या व्हॉल्व्हच्या जिवावर चढावरची अख्खी गल्ली. डांबराचा एक थर आला, त्यावर दुसरा आला. झाकण दिसेनासं झालं आणि गल्लीतल्या नळांना खोकला लागला.

पण ही गोष्ट तुमची नाही. तुम्हाला नायक करून कोण वाचणार? गोष्ट आहे चावीबाईची.

चावीबाई हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. पाणीखात्यात ती देखभालीच्या कामावर होती. खुर्चीतलं काम नाही, रस्त्यावरचं. पंप कुरकुरला, मीटर अडकलं, पाइप फुटला, की हिला बोलावणं. जमिनीखालचे व्हॉल्व्ह फिरवायची कमरेएवढी लोखंडी चावी ती स्कूटरला आडवी बांधून हिंडायची. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, बाई कुणाचं तरी डोकं फोडायला निघाली आहे. जवळून बघणाऱ्याला खात्रीच पटायची.

तर त्या आठवड्यात तुमचा फतवा आला. वरच्या गल्लीला उंचीमुळे दाब पुरत नाही, सबब शनिवारी तिथली पाइपलाइन तोडून टाकावी आणि पुढं टँकरनं भागवावं. फतवा तुमचा, तोडायचं काम चावीबाईचं. आणि त्या गल्लीच्या टोकाला चावीबाईच्या नणंदेचं पाळणाघर.

आता टँकर म्हणजे काय, तो त्याच्या मर्जीनं येणार. पाळणाघरातली पोरं मात्र टँकरची वाट बघून चड्ड्या ओल्या करत नाहीत. टँकर सुरू झाला की पाळणाघराला कुलूप, हे नणंदेला माहीत होतं, चावीबाईलाही माहीत होतं. तरी नणंदेची जीभ काही गप्प बसेना. "वहिनी," ती म्हणायची, "तुझ्या खात्याचा नळ माझ्याकडं येऊन नुसता निरोप देतो गं. पाणी मागून येतंय म्हणतो."

चावीबाईला उंचीचं कारण पटत नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी पाणी धो-धो आणि चार घरं वर गेलं की करंगळीएवढी धार, असं उंचीनं होत नाही. तिनं पहारीचं टोक रस्त्यावर टेकवलं, दुसऱ्या टोकाला कान लावला. आत कुणीतरी दात आवळून शीळ घालत होतं. पाणी चिंचोळ्या फटीतून घुसतं तेव्हा अशी शीळ घालतं. म्हणजे कुठंतरी व्हॉल्व्ह बंद होता, अगदी थोडी फट राहिली होती. कुठं, हाच प्रश्न होता. शीळ पाइपातून गल्लीभर पळते, ती जागा सांगत नाही.

नकाशा होता. त्या नकाशाप्रमाणं व्हॉल्व्ह शिंप्याच्या स्वयंपाकघरात होता. शिंपी भला माणूस. त्यानं शेगडी बाजूला सरकवून दाखवली. खाली मांजर होती. पूर्वीचे कामगार व्हॉल्व्ह बसवला की समोरच्या भिंतीवर रंगानं बाण काढून ठेवायचे, किती पावलांवर आणि कुठल्या दिशेला ते कळावं म्हणून. पण गल्लीतल्या भिंती मधल्या काळात आकाशी, गुलाबी, पोपटी होऊन गेल्या होत्या. बाण पोटात घालून सगळ्या कशा छान हसत उभ्या.

जागा ठाऊक असलेला एकच माणूस उरला होता. तो चावीबाईच्या घरात, पंख्याखालच्या खुर्चीत बसायचा. तिचे सासरे.

सून येण्याआधी हाच भाग त्यांच्याकडं होता. उभी हयात त्यांनी या गल्ल्यांना पाणी सोडलं. निवृत्तीच्या दिवशी तुम्ही त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलंत आणि त्यांची चावी जमा करून घेतलीत. तेल लावून, पुसून, वर्षानुवर्षं वापरून तळव्याच्या आकाराची झालेली चावी. ते फाटकापर्यंत पोहोचायच्या आत ती भंगाराच्या ढिगावर पडल्याचा आवाज त्यांनी ऐकला. घरी येऊन त्यांनी घड्याळ संडासात टांगलं आणि जाहीर केलं की यापुढं या घरात पाइप, नळ, पाणी यांबद्दल आपण चकार शब्द काढणार नाही. काढलाही नाही. मोरीतला नळ गळायला लागला तर ते उठून बाहेरच्या खोलीत जायचे, पण वॉशर बदला म्हणायचे नाहीत.

त्यांना सरळ विचारण्यात अर्थ नव्हता. चावीबाईनं म्हणून विचारलंच नाही. शनिवारच्या दोन दिवस आधी रात्री सगळे जेवायला बसले, तेव्हा ती नवऱ्याला सहज म्हणाली की व्हॉल्व्ह सापडला एकदाचा, शिंप्याच्या पायरीला लागूनच आहे, उद्या फोडते.

सासऱ्यांचा घास तोंडातल्या तोंडात थांबला. नाकातून फुस्स आवाज आला आणि घास पुन्हा चालू झाला.

चावीबाई समजली. शिंपी नाही. मग ती म्हणाली, किंवा असं वाटतं की घड्याळवाल्याच्या कोपऱ्यावर असेल. म्हाताऱ्यानं डोळे मिटले, एखाद्याचं बेसूर गाणं सहन करावं तसे. विजेच्या खांबाजवळ म्हटल्यावर ते पाण्याच्या पेल्यातच हसले आणि त्यांना ठसका लागला. कामावर ती दाबाच्या काट्याकडं जशी बघायची, तशी आता सासऱ्यांच्या भुवयांकडं बघत होती. नवरा म्हणाला, "लग्नात कुणी बोललं नव्हतं की आमच्या पंगतीला पाइपलाइन वाढतील म्हणून."

"नाहीतर मग," चावीबाई ताटात बघत म्हणाली, "इस्त्रीवाल्याच्या टपरीसमोर."

सासऱ्यांचा हात हवेत थांबला. त्यांनी मीठ मागितलं. मीठ त्यांच्या ताटात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावीबाई पहार घेऊन टपरीसमोर हजर. निघताना तिनं तिच्या साहेबांना फोन केला होता. साहेब मनानं वाईट नव्हते. फक्त रस्ता दुसऱ्या खात्याचा होता आणि परवानगी यायला शनिवार उलटून गेला असता. ते म्हणाले, "तुझा आवाज तुटतोय, मला काही ऐकू आलं नाही," आणि फोन ठेवला. एवढं पुरे होतं.

ती पहार आपटत पुढं सरकू लागली. ठक. ठक. ठक. इस्त्रीवाला शर्टावरची इस्त्री उचलून बघत राहिला. टपरीच्या दांडीसमोर आवाज बदलला, ढब्ब झाला, पोकळ. तिनं डांबर फोडायला घेतलं तशी गल्ली गोळा झाली. कुणी सल्ला दिला, कुणी छत्री धरली, कुणी नुसतंच "सावकाश हं" म्हणून आपलं कर्तव्य बजावलं. झाकण वर आलं. खाली कोरडा खड्डा आणि गंजलेला व्हॉल्व्ह, झोपमोड झाल्यासारखा.

चावीबाईनं चावी बसवली आणि डावीकडं जोर लावला. गावातले सगळे व्हॉल्व्ह डावीकडं फिरवले की उघडतात. तिच्या हातांना ते झोपेतही येत होतं. आधी तो हलेना. मग करकरला, थोडा फिरला, आणखी थोडा फिरला आणि गच्च बसला.

वरून पाळणाघराच्या खिडकीतून नणंद ओरडली, "वहिनी, काय केलंस? होती ती धारपण गेली."

गल्लीत चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, टँकरवाल्यानं हिला पाठवलेलं दिसतंय. चावीबाईनं पहार टेकवून कान लावला. शीळ बंद. आत चिडीचूप. आतला दांडा तुटला असणार. नवा व्हॉल्व्ह मागवायचा म्हणजे महिने जाणार, आणि उद्या शनिवार. उद्या तिनं स्वतःच्या हातानं ही लाइन तोडायची, नणंदेच्या डोळ्यांदेखत. ती खड्ड्याच्या कडेला बसली आणि घाम पुसायचंही तिला सुचलं नाही.

"उलटा आहे तो."

टपरीच्या मागून सासरे पुढं आले. अंगात बनियन आणि हातात शर्ट. इस्त्रीला आलोय, असं सोंग. किती वेळ मागं उभे होते कोण जाणे.

"उलटा म्हणजे?"

"सगळे डावीकडं उघडतात. हा एकटा उजवीकडं. जुनी बनावट. डावीकडं फिरवलंस की मिटतो. भिंतीवर बाण काढला होता मी, खाली लिहिलंही होतं." त्यांनी पोपटी भिंतीकडं रागानं बघितलं. मग मान वर करून खिडकीकडं. "आमच्या घरात पण एक जण आहे असलीच. तिची दिशा मात्र अजून सापडली नाही."

"बाबा, मला ऐकू येतंय."

"म्हणून तर वर बघून बोललो."

मग सगळं उलगडलं. त्यांच्यानंतर आणि सुनेच्या आधी ठेकेदाराची रोज नवी माणसं आली. पाणी कमी येतं अशी तक्रार आली, की आलेला माणूस व्हॉल्व्ह जरा 'उघडून' जायचा, म्हणजे मिटवून. पाणी आणखी कमी व्हायचं, तक्रार वाढायची, पुढचा येऊन आणखी उघडायचा. सगळ्यांनी अगदी मनापासून काम केलं. मग तुम्ही वरून डांबर ओतलंत. जे थोडं मिटायचं राहिलं होतं, ते आज चावीबाईनं पूर्ण केलं.

तिला आधी लाज वाटली, मग हसू फुटलं. हसत हसतच तिनं चावीची दांडी सासऱ्यांपुढं धरली. म्हातारा दांडीकडं बघत राहिला. मग त्यानं शर्ट सुनेच्या खांद्यावर टाकला आणि चावी धरली.

व्हॉल्व्ह एकदम उघडायचा नसतो. पाणी धडक मारतं आणि जुने सांधे फुटतात. एक फेरा, मग थांबायचं, आतली हवा जाऊ द्यायची. सासरे फेरे आकड्यांनी मोजत नसत, घरांनी मोजत. "हा इस्त्रीवाल्याचा," ते म्हणाले आणि थांबले. "हा शिंप्याचा." थांबले. "हा घड्याळवाल्याचा, याचं घड्याळ कधी बरोबर नव्हतं, पण पाणी वेळेवर दिलं त्याला." लोक हसले. प्रत्येक फेऱ्याला ज्याचं नाव निघे तो उगाच ताठ उभा राहायचा. दम लागला तेव्हा सुनेनं दांडीचं दुसरं टोक धरलं आणि दोघं मिळून फिरवू लागले. शेवटच्या फेऱ्याला म्हातारा म्हणाला, "हा लेकीचा."

वर नळ खोकला. शिंकला. लालसर पाणी थुंकला. मग जी धार लागली तिच्या आवाजाच्याही वर पोरांचा कल्ला गेला. नणंद खिडकीत आली ती नखशिखांत भिजून. पोरांनी पहिली बादली तिच्यावरच ओतली होती. तिला बोलायला शब्द सापडेना, हे गल्लीनं प्रथमच पाहिलं.

दुपारी साहेब स्वतः आले, नळाखाली हात धरून बघितला, आणि लाइन तोडायची गरज नाही असं जागेवरच लिहून दिलं. इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती.

पण तुम्ही संपू द्याल तर ना. सोमवारी चावीबाईला तुमची नोटीस आली: विनापरवाना रस्ता फोडल्याबद्दल खुलासा करावा. नोटिशीच्या मागोमाग रोलर आला आणि गरम डांबराची गाडी. खड्डा बुजवून रस्ता सपाट करायचा. झाकणाचं काय, असं चावीबाईनं विचारलं तर रोलरवाला म्हणाला, "बाई, माझ्या कागदात खड्डा आहे, झाकण नाही."

सासऱ्यांनी इस्त्रीवाल्याकडून खुर्ची मागून घेतली, ती बरोबर झाकणावर ठेवली आणि सुनेची चावी मांडीवर आडवी घेऊन बसले. रोलरवाल्यानं इंजिन बंद केलं. त्याची बहीणही वरच्या गल्लीतच दिलेली निघाली. नणंदेनं वरून सगळ्यांना चहा पाठवला, आपल्याच नळाच्या पाण्याचा, आणि तसं सांगूनही पाठवलं. डांबर थंड होत चाललंय. पोपटी भिंतीवर चावीबाईनं नवा बाण काढलाय, लाल, उजवीकडं तोंड असलेला.

खुलासा हवा होता ना तुम्हाला? हा घ्या. रस्ता चावीबाईनं फोडला, पहारीनं, दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर. आता तुमची पाळी. पाण्याच्या झाकणावर डांबर ओतताना तुमच्यातल्या कुणाला ते दिसलं नाही? आणि या वेळी ते रस्त्याबरोबर वर उचलून घेणार आहात, की पुन्हा गाडणार आहात? लेखी उत्तर द्या. तोवर म्हातारा खुर्चीवरून उठणार नाही.