डॉक्टर आमदाराचा कोट

त्या दिवशी नागपुरात आभाळ भरून आलं होतं. पाऊस नव्हता, पण गारठा असा की माणसं काखेत हात घालून उभी होती. अशा हवेत मला मान मिळतो. मी डॉक्टर आनंदरावांचा लोकरीचा कोट बोलतोय. शाळा मी पाहिली नाही. जे ऐकलं तेवढंच सांगतो, सावकाश सांगतो.

इतवारीतल्या एका शिंप्यानं मला शिवलं. डॉक्टर तेव्हा नुकतेच आमदार झाले होते. शिंपी म्हणाला, "आमदारकीचा कोट आहे, साहेब. दोनच खिसे ठेवून राहिलो."

"चार ठेव गा," डॉक्टर म्हणाले. "आमदार झालो म्हणून थर्मामीटर काय टोपीत ठेवू?"

अधिवेशन आलं की सकाळी मी दवाखान्यात, दुपारी विधानसभेत. माझ्या बाह्यांना टिंक्चरचा वास. शेजारचे आमदार जरा सरकूनच बसायचे.

तर तो गारठ्याचा दिवस अडुसष्ट सालच्या डिसेंबरातला. उमरेडच्या पुढच्या एका खेड्यातला नत्थू सकाळी दवाखान्यात उभा होता. त्याची बायको कौसल्या आठवडाभर तिथंच सलाइनवर होती. आता बरी होती, तरी नत्थू तिला घरी न्यायला तयार नव्हता.

"काहून नेत नाही गा?"

"नेऊन काय करू, साहेब? पुन्हा त्याच विहिरीचं पाणी पाजू काय तिले? पाच जण गेले गावातले."

"सरकारी माणूस आला नव्हता काय विचारायले?"

"आला न. कागदात पाहून म्हणे, अतिसार आहे का? मी म्हटलं, अति कायचं साहेब, साधं सारही नाही घरी. वरण केलं तेवढं आहे. त्यानं लिहून घेतलं अन् गेला."

डॉक्टर हसले नाहीत. माझ्या आतल्या खिशातून कागद काढून त्यांनी त्यावर 'पाच' लिहिलं.

दुपारी सभागृहात त्या विहिरीचा प्रश्न आला. त्या गावचे रुग्ण दवाखान्यात येऊ लागले तेव्हाच डॉक्टरांनी तो देऊन ठेवला होता. मंत्र्यांनी कागद वाचला, "त्या गावात अतिसाराचा एकही रुग्ण नाही. विहीर बंद करण्याचं कारण दिसत नाही."

डॉक्टर उठले. "अध्यक्ष महाराज, तिथं अतिसार कोणाले ठाऊक नाही. हगवण विचारा. पाच माणसं हगवणीनं मेली."

मोठा हशा झाला. मागून कोणी ओरडलं, "आत्ताच जेवून आलो ना, डॉक्टर!"

अध्यक्ष म्हणाले, "सन्माननीय सदस्यांनी तो शब्द मागे घ्यावा. दुसरा वापरावा."

शब्द मागे घेतला की मंत्र्यांचं उत्तर तसंच राहणार, अन् विहीरही तशीच. डॉक्टरांनी माझं मधलं बटण घट्ट धरलं.

"दुसरा शब्द वापरला म्हणूनच कोणाले कळलं नाही, अध्यक्ष महाराज. मी मागे घेत नाही."

हशा थांबला. मंत्र्यांनी कागद खाली ठेवला. "माणसं पुन्हा पाठवतो," म्हणाले.

माणसं गेली. या वेळी नीट विचारलं. अख्खी आळी बोलायला लागली. विहिरीचा उपसा झाला, पांढरी पावडर पडली, मगच नत्थूनं कौसल्येला बसमध्ये बसवलं.

पण तो शब्द नागपूरभर झाला. शेजारचे दत्तोपंत, कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ, कुंपणावरून म्हणाले, "आनंदराव, शिकलेसवरलेले तुम्ही. बायकामुलांत पेपर वाचायची सोय ठेवली नाहीत." पुढच्या निवडणुकीत विरोधकांनी भिंतींवर रंगवलं, 'हगवणीचा आमदार'. डॉक्टर पडले.

आता मी दवाखान्यातल्या खुंटीवर असतो. कोपरं विरली, अस्तर लोंबतं. टाकायचं झालं तर मला एखाद्या कुडकुडणाऱ्या रुग्णाच्या अंगावर टाका. अन् कोणी आपलं दुखणं आपल्या शब्दात सांगत असेल तर हसू नका, एवढंच मागणं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट राहिली. सकाळी सकाळी दाराची कडी वाजली. दारात दत्तोपंत, चेहरा उतरलेला. डॉक्टरांना वाटलं, समजूत घालायला आले असतील. दत्तोपंतांनी इकडंतिकडं पाहिलं, पोट धरलं अन् म्हणाले, "आनंदराव, मला रात्रीपासून जरा अति... जाऊ द्या हो, हगवण लागलीय!"