जोतिबांच्या हाकेमागची बॅटरी

मित्रांनो, म्हसवडच्या एका छोट्या स्टुडिओत टेबलाखाली बसलेली जुनी बॅटरी आहे मी. माझ्या पोटात शिशाच्या पट्ट्या आणि आम्ल आहे. रहिमानभाईंनी मला मंडप-स्पीकरच्या धंद्यासाठी आणलं. मांडवात वीज गेली की इन्व्हर्टर माझ्याकडून वीज घेई आणि दिवे पुन्हा लागत. "वाघीण हाय माझी!" म्हणत ते माझ्या पाठीवर थाप मारीत. पाणी घालायला मात्र विसरत. एकदा तर ते बोअरचं क्षारांचं पाणीच ओतायला निघाले, तेव्हा त्यांच्या मुलीनं, आबेदानं, बाटली हिसकावून घेतली.

आबेदा भौतिकशास्त्र शिकली आणि तिनं हा रेकॉर्डिंगचा स्टुडिओ काढला, तेव्हा मी इथं आले. एका दुपारी माण तालुक्यातले मेंढपाळ जोतिबा आले. त्यांच्या गळ्यात गाठ होती.

"उद्या मिरजंला आपरेशन हाय. आवाज राहील का जाईल, डाक्टरबी सांगंना," ते म्हणाले. "माझी मेंढरं माझ्या हाकंनं वळत्यात. तेवढी हाक धरून ठेव, पोरी."

आबेदानं माइक लावला आणि नेमकी वीज गेली. इन्व्हर्टर सुरू झाला. रेकॉर्डिंगमध्ये घूंऽऽ असा आवाज भरला.

"माझ्या हाकंत ह्यो भुंगा कुठनं शिरला गं?" हेडफोन काढत जोतिबांनी विचारलं.

"बॅटरी म्हातारी झाली," रहिमानभाई म्हणाले. "हिला भंगारात घालू. आटपाडीतनं डबल ताकदीची आणू, इन्व्हर्टरबी थोरला घेऊ. इहिरीची मोटर ओढंल असला!"

"अब्बा, इथं मोटर कुठं ओढायचीय? इथं ऐकायचंय."

भंगाराचं नाव ऐकून मी धास्तावले. वीज संध्याकाळी येणार होती आणि जोतिबांची एसटी चार वाजता होती.

आबेदानं मीटर लावून मला तपासलं. "ही ठणठणीत आहे. गुरगुरतोय तो इन्व्हर्टर."

मित्रांनो, मी सरळ, एकसारखी वीज देते. तो जुना इन्व्हर्टर तिचे धक्क्याधक्क्याचे तुकडे करी. दिव्याला त्याचं काही वाटत नाही, पण माइकचा नाजूक आवाज त्यानं नासतो. त्याच जातीचा थोरला इन्व्हर्टर आणला असता, तरी तो तसाच गुरगुरला असता.

रेकॉर्डरच्या पाठीवर 'बारा व्होल्ट डीसी' लिहिलेलं होतं, म्हणजे मी देते तशीच सरळ वीज. आबेदानं इन्व्हर्टर बंद केला. फ्यूज असलेली वायर थेट मला जोडली. लाल कुठं, काळी कुठं, ते दोनदा पाहिलं. मग हेडफोन घातला. भुंगा गेला होता! जोतिबांची धापसुद्धा स्वच्छ ऐकू येत होती.

कानावर हात ठेवून त्यांनी हाक दिली, "हुर्र्र... या गं बायांनो, याऽऽ!" पहिल्यांदा आवाज फाटला. त्यांनी डोळे पुसले. दुसरी हाक मात्र अख्खी उमटली.

ऑपरेशन नीट झालं. पण महिनाभर बोलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. पुढच्या आठवड्यात जोतिबांची सून राहीबाई सांगत आली, "आवं रहिमानभाई, आबेदानं दिल्याली हाक मोबाइलवर लावली तर मेंढरांनी चरायचं सोडून माना वर केल्या! मामंजी बसल्याती गप, आन हसत्यात नुसतं!"

रहिमानभाईंनी नंतर नवा इन्व्हर्टर घेतला, तो घरच्या लाइनसारखी सलग वीज देणारा. घेण्याआधी दुकानात रेकॉर्डर जोडून, हेडफोन लावून ऐकला. घरी येताना माझ्यासाठी डिस्टिल्ड वॉटरची बाटलीही आणली.

मित्रांनो, आम्हां बॅटरी-इन्व्हर्टरना निवडताना आम्ही किती ओढतो एवढंच विचारू नका, आमच्यामुळे काय ऐकू येतं तेही ऐका. आणि बॅटरीतलं पाणी तिच्या अंगावरच्या रेघेपर्यंत आहे का, ते महिन्यातून एकदा मोठ्यांना बघायला सांगा. कुणाची तरी हाक आमच्या भरवशावर असते.